जुन्या पिस्तुलाची ओळख : पट्टी, व्हर्निअर आणि भिंग

जुन्या वाड्यात किंवा एखाद्या लहान वस्तुसंग्रहालयात काचेच्या कपाटात गंजलेले पिस्तूल ठेवलेले तुम्ही पाहिले असेल. त्याच्या शेजारी बहुधा एक चिठ्ठी असते. ‘पानिपतच्या लढाईतील पिस्तूल’ किंवा ‘सत्तावन्नच्या उठावातील पिस्तूल’ असे काहीतरी तिच्यावर लिहिलेले असते. आपण ती वाचतो, हळहळतो किंवा अभिमानाने पाहतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो.

पण ती चिठ्ठी खरी कशावरून? लिहिणाऱ्याने ती वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टीवरून लिहिली असेल, वडिलांनी आजोबांकडून ऐकली असेल. तीन-चार पिढ्यांत गोष्ट थोडी बदलते. लोखंड मात्र तसे बदलत नाही. त्याच्या नळीची लांबी, तिचा आतला व्यास आणि तिच्यावर ठोकलेले ठसे ही तीन प्रकारची माहिती ते पिस्तूल आपल्याबरोबर घेऊन आलेले असते. ती वाचायला लागणारी साधने तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत : मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर आणि भिंग. त्यांच्या मदतीने चिठ्ठीवरची गोष्ट कशी पडताळायची, ते या लेखात पाहू.

आधी सावधगिरी

तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरायच्या बंदुकीला आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हणतात. अशा शस्त्राकडे बाहेरून पाहून ते भरलेले आहे की रिकामे, हे कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी कोणी भरून ठेवलेली दारू कोरडी राहिली असेल तर अजूनही पेटू शकते. म्हणून कोठेही जुने शस्त्र सापडले, तर त्याला हात लावू नका, घोडा ओढून पाहू नका आणि त्याच्या तोंडासमोर उभे राहू नका. मोठ्या माणसांना सांगा. असे शस्त्र घरात ठेवण्याबाबत आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे, तेव्हा पोलिसांना कळवणे हेच योग्य.

संग्रहालयातील जाणकार माणसे नळी रिकामी आहे की नाही, हे एका सोप्या युक्तीने पाहतात. ते नळीच्या तोंडातून एक लाकडी काठी हलकेच आत सोडतात आणि ती किती आत गेली, त्याची खूण करतात. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून खूण तोंडाशी जुळवतात. काठीचे टोक काना असलेल्या जागेपर्यंत पोहोचले, तर नळी रिकामी. एक-दोन इंच अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे. काठी लाकडीच हवी, कारण लोखंडी गजाने ठिणगी पडण्याचा धोका असतो. ही युक्ती माहितीसाठी सांगितली आहे, तुम्ही करून पाहण्यासाठी नव्हे.

पहिला प्रश्न : दारूला आग कशी लागते?

पट्टी हातात घेण्यापूर्वी पिस्तुलाच्या बाजूची कळ पाहावी. नळीतल्या दारूला आग लावण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. सर्वांत जुनी पद्धत तोड्याची. जळत्या वातीने म्हणजे तोड्याने कानाजवळची रंजक पेटवायची आणि तिची ज्वाळा कानातून आत जायची. घोडेस्वाराला एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात जळती वात धरणे अवघड, म्हणून पिस्तुलांसाठी ही पद्धत सोयीची नव्हती.

नंतर चकमकीची कळ आली. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसवलेला असतो. चाप ओढला की गार पोलादाच्या उभ्या पत्र्यावर घासते, ठिणग्या पडतात आणि त्याखालच्या लहानशा वाटीतली रंजक पेटते. ही कळ युरोपात सतराव्या शतकाच्या सुरुवातीस पूर्णत्वाला आली आणि पुढे सुमारे दोनशे वर्षे टिकली.

तिला मागे सारले ते एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने. अलेक्झांडर फोर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भपका आधी दिसल्यामुळे पक्षी सावध होतात, ही त्यांची अडचण. आघाताने तत्काळ पेटणारी फल्मिनेटसारखी रसायने वापरून त्यांनी नवी कळ बनवली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे १८२० नंतरच्या काळात तांब्याची छोटी टोपी प्रचारात आली. घोडा टोपीवर आपटला की आग नळीत जाते. दिवाळीत तुम्ही टिकल्या फोडता, त्यातही आघाताने पेटणारेच मिश्रण असते. ब्रिटिश सैन्याने टोपीची पद्धत १८४० च्या आसपास स्वीकारली.

यावरून पहिला नियम मिळतो. टोपीचे पिस्तूल ‘पानिपतचे’ म्हणजे १७६१ चे असू शकत नाही. परंतु उलट नियम तितका पक्का नाही. चकमकीचे पिस्तूल १८५७ सालीही कोणाच्या कमरेला असू शकते. नवी वस्तू आली म्हणून जुनी त्याच दिवशी नाहीशी होत नाही. वस्तूची रचना आपल्याला ‘याच्या आधीची नाही’ असे सांगते. ‘याच्या नंतर वापरली नाही’ असे सांगत नाही. हा फरक लेखाच्या शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

नळीची लांबी

नळीची लांबी मोजताना कोठून कोठपर्यंत मोजायचे, हे आधी ठरवले पाहिजे. ठासणीच्या पिस्तुलात ती तोंडापासून नळीच्या मागच्या टोकापर्यंत मोजतात. मागचे तोंड बंद करणाऱ्या बुचाची जी जीभ लाकडात गेलेली असते, ती धरत नाहीत. फिरत्या दंडगोलाच्या पिस्तुलात, म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये, नळी दंडगोलाच्या पुढून सुरू होते. तेथपासून तोंडापर्यंतच मोजायचे, दंडगोल त्यात धरायचा नाही. दोन माणसांनी एकच पिस्तूल मोजून दोन उत्तरे दिली, तर पुष्कळदा चूक पट्टीची नसते, सुरुवातीच्या बिंदूची असते.

ही लांबी इतकी महत्त्वाची का? कारण सैन्यासाठीची शस्त्रे ठरलेल्या नमुन्याप्रमाणे हजारोंच्या संख्येने बनत. ब्रिटिश सैन्यातील काही नमुने पाहा. अठराव्या शतकातील आरमारी पिस्तुलाची नळी १२ इंच म्हणजे सुमारे ३०.५ सेंमी असे आणि आतला व्यास ०.५६ इंच. १७६० च्या सुमारास हलक्या घोडदळासाठी जे पिस्तूल आले, त्याची नळी ९ इंच म्हणजे सुमारे २२.९ सेंमी आणि व्यास ०.६५ इंच. १७९६ साली जड घोडदळासाठी ठरलेल्या पिस्तुलाची नळीही ९ इंचच होती, पण व्यास ०.७५ इंच, म्हणजे पायदळाच्या बंदुकीएवढा.

येथे एक गोष्ट ध्यानात आली असेल. नुसत्या लांबीने शेवटच्या दोन पिस्तुलांत फरक करता येत नाही. व्यासही मोजावा लागतो. एका राशीवरून ओळख पटत नसेल तर दुसरी राशी मोजायची, ही पद्धत तुम्हाला परिचित आहे. एखादा धातू ओळखताना आपण नुसते वजन पाहत नाही, आकारमानही पाहतो आणि घनता काढतो, तसेच हे.

बंदुकांच्या बाबतीत लांबीचा एक नमुना आपल्या देशाच्या नावानेच ओळखला जातो. ब्रिटिश पायदळाच्या जुन्या बंदुकीची नळी ४६ इंच होती. नंतर ती ४२ इंच झाली. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजेसाठी ३९ इंच नळीची, साधी व स्वस्त बंदूक बनवून घेत असे. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुकांची निकड लागली, तेव्हा १७९७ साली त्याने हाच नमुना स्वतःच्या सैन्यासाठी घेतला. त्याला ‘इंडिया पॅटर्न’ असे नाव आहे.

लांबी आणि वेग

सात इंच नळी कमी केली, तर गोळीचा वेग किती कमी होईल? ह्या प्रश्नाला पहिले शास्त्रशुद्ध उत्तर दिले बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दोन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट म्हणजे गोळीचा वेग मोजण्याचे साधन. गोळी डोळ्याला दिसत नाही, मग तिचा वेग मोजायचा कसा? रॉबिन्सने एक जड लंबक टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी लंबकातल्या लाकडात रुतून बसते आणि दोघे मिळून झोका घेतात. धडकेच्या आधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच असतो. समजा, ३२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने २५ किलोग्रॅमच्या लंबकात रुतली. संवेग झाला ०.०३२ × ४०० = १२.८ एकक. तो आता २५.०३२ किलोग्रॅम वस्तुमानात आहे, म्हणून लंबकाचा वेग सेकंदाला सुमारे ०.५१ मीटर. एवढ्या वेगाने लंबक सुमारे १.३ सेंमी वर चढेल. ही उंची आपण मोजू शकतो आणि उलट गणित करून गोळीचा वेग काढू शकतो.

दुसरी गोष्ट नळीच्या लांबीविषयी. रॉबिन्सने असे मानले की दारू क्षणात पेटून तिचा वायू होतो आणि तो नळीत पसरताना बॉइलच्या नियमाप्रमाणे वागतो : आकारमान दुप्पट, तर दाब निम्मा. म्हणजे गोळीला सर्वांत मोठा धक्का सुरुवातीच्या काही इंचांतच मिळतो. पुढे पुढे वायू विरत जातो आणि ढकलणे कमी होते. ह्या गृहीतावरून असे निघते की गोळीच्या वेगाचा वर्ग हा ‘नळीची लांबी ÷ दारूच्या थराची लांबी’ ह्या गुणोत्तराच्या लॉगच्या प्रमाणात असतो.

लॉग टेबल उघडा. बंदुकीत दारूचा थर २ इंच आहे असे समजू. ४६ इंच नळीसाठी गुणोत्तर २३, त्याचा लॉग १.३६२. ३९ इंचांसाठी गुणोत्तर १९.५, त्याचा लॉग १.२९०. दोहोंचे गुणोत्तर १.०५६ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १.०३. म्हणजे ७ इंच लोखंड वाचवले, तर वेग फक्त ३ टक्क्यांच्या आसपास कमी होतो! पिस्तुलासाठी दारूचा थर १ इंच धरला, तर ९ इंचांऐवजी १२ इंच नळी घेतल्याने वेग सुमारे ६ टक्के वाढतो. हे गणित ढोबळ आहे. त्यात घर्षण धरलेले नाही, गोळीच्या कडेने निसटणारा वायू धरलेला नाही आणि दारूला जळायला वेळ लागतो, हेही सोडून दिले आहे. तरी नळ्या आखूड करणे सैन्याला का परवडले, ते यावरून नीट समजते. घोड्यावर बसलेल्याला किंवा दूरच्या वाटेने चालणाऱ्या शिपायाला वजन कमी झालेले हवेच होते.

ह्या रॉबिन्सचा आपल्या देशाशी संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ले दुरुस्त करण्यासाठी त्याला मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात पाठवले. येथील हवा त्याला मानवली नाही. १७५१ साली आजच्या तामिळनाडूत कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात त्याचा मृत्यू झाला.

व्यास आणि शिशाचा एक पौंड

‘बारा बोअरची बंदूक’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील. बारा कशाचे? बारा मिलिमीटर नव्हेत आणि बारा इंच तर नव्हेतच. एक पौंड शुद्ध शिसे घ्यावे आणि त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या कराव्यात. त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअरची नळी. म्हणून बोअरची संख्या जितकी मोठी, तितकी नळी बारीक.

आता गणित करू. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. भागाकार केला की आकारमान येते बरोबर ४० घन सेंमी. त्याचे बारा भाग केले, तर प्रत्येक गोळी ३.३३ घन सेंमी. गोलाच्या आकारमानाचे सूत्र उलटे वापरले की असा सोपा नियम मिळतो :

व्यासाचा घन (सेंमीमध्ये) = ७६.४ ÷ बोअरची संख्या

बारासाठी ७६.४ ÷ १२ = ६.३७ आणि त्याचे घनमूळ १.८५. म्हणजे बारा बोअरच्या नळीचा व्यास १८.५ मिमी. सोळासाठी १६.८ मिमी आणि विसासाठी १५.६ मिमी येतो. पडताळून पाहा.

संग्रहालयात ह्याच्या उलट काम करायचे असते. व्यास मोजून संख्या काढायची. ०.६५ इंच म्हणजे १.६५ सेंमी; त्याचा घन ४.४९, म्हणून संख्या १७. ०.७५ इंच म्हणजे १.९०५ सेंमी, त्याचा घन ६.९१, म्हणून संख्या ११. ब्रिटिश पायदळाची बंदूक ११ बोअरची होती, ती अशी. तिच्यात घालायची गोळी मात्र जरा लहान, सुमारे ०.६९ इंच व्यासाची असे. म्हणजे पौंडाला १४. काही बार काढल्यावर नळीत काजळी साचते. गोळी अगदी घट्ट असती, तर चौथ्या-पाचव्या बाराला ती आतच जाईना. म्हणून ही मोकळीक.

येथे मोजमापातली एक खोच आहे. संख्या व्यासाच्या घनावर अवलंबून असल्यामुळे व्यासात १ टक्का चूक झाली, तर संख्येत ३ टक्के चूक होते. तेव्हा व्यास पट्टीने मोजून चालणार नाही. व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी एकमेकांना काटकोनात दोन वेळा मोजावे आणि सरासरी घ्यावी, कारण वर्षानुवर्षे गज घासून नळीचे तोंड किंचित लंबगोल झालेले असते. गंजाचा पापुद्रा असेल, तर व्यास कमी भरतो. आपले उत्तर १७ असे न सांगता ‘१६.७ ते १७.३ च्या दरम्यान’ असे सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे.

ठसे काय सांगतात?

आता भिंग घ्या. नळीच्या मागच्या भागावर आणि कळीच्या पट्टीवर बारीक ठसे असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार परीक्षेचा ठसा. नवी नळी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहत. ती फुटली नाही, तर तिच्यावर शिक्का मारत. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला १६३७ साली सनद मिळाली. तिच्या ठशात मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली ‘जी’ व ‘पी’ ही इंग्रजी अक्षरे असतात, तर दुसऱ्या ठशात मुकुटाखाली ‘व्ही’. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्याने स्थापन झाले. एकमेकांना छेदणारे दोन राजदंड, वर मुकुट आणि दांड्यांच्या मधल्या जागेत ‘बी’, ‘पी’, ‘सी’ ही अक्षरे, हा त्याचा ठसा १९०४ पर्यंत चालला. हा ठसा असेल, तर त्या नळीची परीक्षा १८१३ च्या आधी झालेली नाही. मात्र अक्षरे नीट वाचली पाहिजेत, कारण सरकारी ठशांतही राजदंड आढळतात. बेल्जममधील लिएज शहराचा ठसा लंबवर्तुळाचा असून त्यात ‘ई’, ‘एल’, ‘जी’ ही अक्षरे व खाली एक तारा असतो. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. तेव्हा मुकुट नसलेला ठसा त्याआधीचा.

दुसरा प्रकार मालकीचा ठसा. ब्रिटिश सरकारी शस्त्रांवर मुकुट आणि त्याखाली राजाची अक्षरे असतात. ‘जी आर’ म्हणजे राजा जॉर्ज. पण कोणता जॉर्ज? १७१४ पासून १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज गादीवर होते. म्हणून ह्या अक्षरांनी काळ सव्वाशे वर्षांच्या आत बसतो, त्याहून जवळ येत नाही. कळीवर ‘टॉवर’ असा शब्द असतो; त्यावरून ते पिस्तूल लंडनच्या टॉवर किल्ल्यात घडवले, असे समजू नये. त्याचे सुटे भाग पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून येत आणि टॉवरच्या शस्त्रखात्यात तपासले जात.

ईस्ट इंडिया कंपनीचे ठसे आपल्याला विशेष महत्त्वाचे, कारण हिंदुस्थानात आलेली कितीतरी शस्त्रे कंपनीची होती. जुना ठसा बदामाच्या आकाराचा. त्याचे चार भाग केलेले, त्यांत ‘व्ही’, ‘ई’, ‘आय’, ‘सी’ ही अक्षरे आणि वर चाराचा आकडा. कंपनी आपल्या मालाच्या गठ्ठ्यांवरही हीच खूण घालत असे. १८०८ च्या सुमारास त्याऐवजी मागच्या पायांवर उभा राहिलेला, हातात मुकुट धरलेला सिंह आला. १८५८ साली कंपनीची सत्ता संपली. म्हणजे सिंहाचा ठसा १८०८ ते १८५८ ह्या पन्नास वर्षांतला.

तिसरा प्रकार कारखानदाराचे नाव, पत्ता व क्रमांक. ह्याबद्दल पुढे सांगतो.

एक कल्पित उदाहरण

समजा, तुमच्यासमोर असे पिस्तूल आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘पानिपत, १७६१’. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी ते रिकामे असल्याची खात्री करून मोजायला परवानगी दिली. नळी २२.९ सेंमी, आतला व्यास १६.५ मिमी. कळ टोपीची आहे. भिंगातून पाहता कळीच्या पट्टीवर सिंह दिसतो. त्याच पट्टीवर दोन जागी छोटी भोके बुजवल्याच्या गोल खुणा आहेत.

आता एकेक पायरी घेऊ. लांबी ९ इंच आणि व्यास ०.६५ इंच, म्हणजे घोडदळी पिस्तुलाचा नमुना. सिंहाचा ठसा, म्हणजे कंपनीचे आणि १८०८ ते १८५८ च्या दरम्यानचे. बुजवलेली भोके त्या जागी आहेत, जेथे चकमकीच्या कळीत पोलादी पत्रा आणि त्याची कमान बसवलेली असते. म्हणजे हे पिस्तूल आधी चकमकीचे होते आणि नंतर त्याला टोपीची कळ करून घेतली. असे बदल ती पद्धत सैन्यात आल्यावर पुष्कळ झाले.

निष्कर्ष काय? पानिपतची चिठ्ठी चूक आहे. लढाई झाली तेव्हा हे पिस्तूल जन्मलेच नव्हते. मग ते १८५७ च्या उठावात वापरले होते का? येथे घाई करू नका. ते त्या वेळी अस्तित्वात होते, एवढे आपण म्हणू शकतो. वापरले होते की नाही, हे लांबी, व्यास आणि ठसे सांगू शकत नाहीत. त्यासाठी कागद पाहिजेत : एखादी यादी, पत्र, जप्तीची नोंद. ‘शक्य आहे’ आणि ‘सिद्ध झाले’ ह्या दोन वाक्यांतले अंतर मोजपट्टीने भरून निघत नाही.

ज्या घराने ती गोष्ट जपली, त्याला हा निष्कर्ष कडू लागेल. पण पाहा, हाती काय आले : कंपनीच्या फौजेत घडलेल्या बदलाचा एक खरा पुरावा. आणि ज्यांनी पानिपतावर खरोखर प्राण दिले, त्यांच्या नावावर भलतीच वस्तू खपवण्याचे टळले.

कोल्टचे पिस्तूल

दुसरे उदाहरण कारखान्यात तयार झालेल्या वस्तूचे. अमेरिकेतील सॅम्युएल कोल्टने १८३६ साली आपल्या देशात रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याचे १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर साडेसात इंच नळीचे आणि नाममात्र ०.३६ इंच व्यासाचे. तर १८६० चे ‘आर्मी’ ८ इंच नळीचे व ०.४४ इंच व्यासाचे. लांबीत फरक फक्त अर्धा इंच, म्हणून येथेही दोन्ही मापे हवीत. ‘नेव्ही’च्या दंडगोलावर १८४३ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ झालेल्या आरमारी लढाईचे चित्र कोरलेले असते.

ह्या नळीच्या आत सात पिळदार खाचा म्हणजे आटे असतात. सात ही विषम संख्या आहे. त्यामुळे प्रत्येक खाचेच्या समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. अशा नळीचा व्यास मोजताना कॅलिपरचा एक जबडा उंचवट्यावर आणि दुसरा खाचेत जातो आणि माप थोडे फसवे येते. कागदावर सात भागांचे वर्तुळ काढून पाहा म्हणजे पटेल.

नळीवर कोल्टचा पत्ता असतो. काहींवर न्यूयॉर्कचा, काहींवर लंडनचा. पण न्यूयॉर्कचा पत्ता असलेली ती पिस्तुले तयार होत हार्टफर्ड येथे. पत्ता विक्रीचा होता, कारखान्याचा नव्हे. लंडनमध्ये कोल्टने १८५३ साली खरोखर कारखाना काढला आणि तो तीन-चार वर्षांतच बंद झाला. आता एखाद्या कोल्टवर न्यूयॉर्कचा पत्ता आणि लंडनच्या परीक्षेचा ठसा असे दोन्ही असले तर? काही विसंगती नाही. पिस्तूल अमेरिकेत बनले, ब्रिटनमध्ये विक्रीला आले आणि तेथील कायद्याप्रमाणे त्याची परीक्षा झाली. परीक्षेचा ठसा वस्तू कोठे तपासली, ते सांगतो. कोठे बनली, ते नव्हे.

खरे आणि बनावट

ठसा हा लोखंडाच्या पंचने मारलेला असतो आणि पंच कोणीही करू शकतो. पूर्वीच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, कारागीर ब्रिटिश शस्त्रांच्या हुबेहूब नकला करीत. त्यांतल्या पुष्कळांना इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे एखादे अक्षर उलटे किंवा शब्दातील अक्षरे मागेपुढे झालेली दिसतात. चोख कारागिरी आणि चुकलेले अक्षर एकत्र दिसले की संशय घ्यावा.

लांबीही फसवू शकते. नळी तोंडाशी फुटली किंवा झिजली, तर ती कापून आखूड करीत. अशा नळीवर पुढची माशी नसते किंवा नव्याने बसवलेली असते. कोल्टसारख्या पिस्तुलावर पत्त्याची ओळ नळीवर बरोबर मध्यभागी हवी. ती पुढे सरकलेली वाटली, तर पुढचा तुकडा गेला असे समजावे. शिवाय कोल्टच्या नळीवर, सांगाड्यावर आणि चापाच्या कड्यावर एकच क्रमांक असतो. क्रमांक वेगवेगळे असतील, तर दोन पिस्तुलांचे भाग एकत्र आले आहेत.

म्हणूनच लांबी, व्यास, कळ आणि ठसे हे चार स्वतंत्र साक्षीदार समजावेत. चौघांची साक्ष जुळली, तर निष्कर्ष भक्कम. एकाची जुळत नसेल, तर त्याला बाजूला न सारता ती का जुळत नाही, हे आधी शोधावे.

करून पाहा

शस्त्राला हात न लावता हे सर्व तुम्हाला घरी करता येईल. सारख्या आकाराच्या काचेच्या गोट्या घ्या आणि तराजूवर ५०० ग्रॅम भरतील इतक्या मोजा. काचेची घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम धरली, तर ५०० ग्रॅमचे आकारमान २०० घन सेंमी होते. मग व्यासाचा घन = ३८२ ÷ गोट्यांची संख्या. ९३ गोट्या भरल्या, तर व्यास १.६ सेंमी यायला हवा. व्हर्निअरने मोजून पाहा. फरक पडला, तर तो काचेच्या घनतेमुळे, गोट्या नीट गोल नसल्यामुळे की मोजण्यामुळे, याचा विचार करा. गोट्या पाण्यात बुडवून घनताही काढता येईल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला वर्ग नेलात, तर शस्त्रांच्या दालनात मुलांना एक तक्ता भरायला द्या : कळ कोणती, नळी अंदाजे किती लांब, ठसा दिसतो का, चिठ्ठी काय सांगते. काचेबाहेरून जेवढे दिसते, तेवढ्यावर काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायला सांगा. दुसरा रकाना बहुधा मोठा निघेल.

आता दोन प्रश्न तुमच्यासाठी. पहिला : २४ बोअरच्या नळीचा व्यास किती? दुसरा : एका पिस्तुलाची नळी ९ इंच, व्यास १९.१ मिमी, ते वर दिलेल्यांपैकी कोणत्या नमुन्याशी जुळते? आधी गणित करा आणि मगच पुढची ओळ वाचा.

उत्तरे : पहिल्याचे १४.७ मिमी. दुसऱ्याची बोअर संख्या ११ येते, म्हणून १७९६ चे जड घोडदळाचे पिस्तूल. मात्र ठसे पाहिल्याशिवाय ‘जुळते’ ह्यापेक्षा जास्त काही लिहू नका.